दुपारच्या गाडीचा टोल

गावात दुपारी घड्याळ बघून कुणी जेवत नाही. घड्याळं नाहीत असं नाही. घरोघरी भिंतीवर आहेत, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. वखारवाल्याकडे तर बोलणारं घड्याळ आहे. ते दर तासाला बाईच्या आवाजात वेळ सांगतं आणि त्यावरून त्याची बायको त्याला टोमणे मारते. पण ताट वाढायचं ते स्टेशनवर टोल पडल्यावर. शाळेची मधली सुट्टी टोलावर, वखारीतली करवत थांबते तीही टोलावर. आणि या स्टेशनात शेवटची गाडी कधी आली होती असं विचारलं, की लोक डोकं खाजवतात आणि म्हणतात, "ते मावशीला विचारा."

मावशी म्हणजे टोल देणारी. तिला वेडी म्हणणारे गावात दोन-चार जण आहेत. त्यांनी एकदा तिच्या तोंडावर म्हणून बघावं. म्हणत नाहीत, कारण भूक त्यांनाही टोलावरच लागते.

स्टेशन मुळात गावासाठी झालंच नव्हतं. तेव्हा गावच नव्हतं. टेकडीच्या पोटात काळ्या दगडाची खाण होती. तिथली खडी उचलायला रुळांना मुद्दाम वळसा घालून इकडे आणलं. एक दगडी खोली बांधली, तिला तिकिटाची खिडकी ठेवली, समोर फलाट केला आणि मागे रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याला राहायला एक खोली नि स्वयंपाकघर. खाणीतल्या माणसांनी फलाटाच्या आजूबाजूला घरं बांधली. घरांना दुकानं चिकटली, मग शाळा आली. पुढे खाणीतला दगड संपला आणि खड्ड्यात पाणी साचलं. गाव मात्र राहिलं. एवढ्या सगळ्यांनी उठून जायचं कुठे?

गाड्या थांबायच्या त्या सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. सकाळची नि संध्याकाळची शहाण्या होत्या. दुपारची रोज लेट. खालच्या चढावर ती आधी मालगाडीला वाट द्यायची, मग धापा टाकत वर यायची. गावाने तिचा लेटपणा इतका अंगवळणी पाडून घेतला होता की तिची छापलेली वेळ काय आहे ते फक्त स्टेशनमास्तरला माहीत होतं. आणि तोही ती मोठ्याने सांगायचा नाही, लाजायचा.

मावशी इथे आली ती सांधेवाल्याची बायको म्हणून. मालगाडी गेली की फळीवरची भांडी नाचतात, हे तिला आल्या आल्या कळलं. तिने प्रत्येक दोन भांड्यांच्या मध्ये एक चिंधी घातली. आता भिंत हलत नाही, हलवणारं काही उरलेलं नाही, तरी चिंध्या आहेत. धुऊन, वाळवून परत तिथेच.

नवरा तापात गेला. पोरगं तेव्हा रांगत होतं. रेल्वेने तिला कामावर घेतलं: फलाट झाडायचा, दिव्यांच्या काचा पुसायच्या, पिण्याचं पाणी भरायचं आणि टोल द्यायचा. व्हरांड्याच्या तुळईला साखळीने रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि शेजारी खिळ्यावर लोखंडी दांडा. पहिल्याच दिवशी तिने असा हळूच टोल दिला की फलाटावर झोपलेला माणूससुद्धा उठला नाही.

मास्तर खिडकीतून ओरडला, "अहो बाई, गोंजारताय काय त्याला? लोखंड आहे ते, दुखत नाही त्याला. हाणा!"

तिने हाणला. त्या दिवसापासून हाणतेच आहे.

टोलाची रीत सोपी होती. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की मास्तरला फोन यायचा. मास्तर खिडकीतून बोट वर करायचा. मग मावशीने टोल द्यायचा. मास्तरने बोट वर केल्याशिवाय नाही. सांगणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. एकदा, अगदी सुरुवातीला, तिला लांबवर धूर दिसला आणि तिने आपल्या मनानेच टोल दिला. लोकांनी गाठोडी उचलली. एक म्हातारी घाईघाईने रूळ ओलांडायला खाली उतरली आणि दुसऱ्या बाजूने रिकामी मालगाडी आली. म्हातारीला मास्तरनेच दंडाला धरून वर ओढलं. तिची चप्पल रुळावर राहिली, तिचे तुकडे झाले.

मास्तर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "बाई, लोक टोल ऐकून पाय उचलतात. गाडी नाही, तर टोल नाही."

हे मावशीच्या हाडात जाऊन बसलं.

मग टेकडीच्या पलीकडून नवा मार्ग झाला, सरळ. वळसा घ्यायची गरज संपली आणि स्टेशन बंद झालं. शेवटच्या गाडीला चारदोन माणसं आली, त्यांतली दोन आधीची गाडी चुकलेली. मास्तर बदली होऊन गेला. रूळ उचलून नेले, भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं. त्याच्या जागी भिंतीवर एक गोल फिकट डाग राहिला. टांगलेला तुकडा तेवढा कुणी नेला नाही. मागच्या खोलीतून मावशीलाही उठ म्हणायला कुणी आलं नाही.

आणि गावाची पार वाट लागली. टोल नाही, म्हणजे दुपार कधी झाली हेच कळेना. मधली सुट्टी रोज वेगळ्या वेळी व्हायला लागली. वखारीतली माणसं उपाशीपोटी भांडायला लागली. शेवटी वखारवाला आणि शाळेच्या मोठ्या बाई, दोघं मिळून स्टेशनवर आले.

"मावशी, तुम्ही टोल देत चला," मोठ्या बाई म्हणाल्या. "गाडी नसली म्हणून काय झालं?"

"गाडी नसली म्हणून काय झालं?" मावशी भडकली. "आग नसताना बंब बोलावता का कधी?"

"अहो पण पोरं—"

"पोरांना घंटा विकत आणा. मी खोटा टोल देणार नाही."

गेले दोघं तोंड पाडून. पुढे कधीतरी दुपारी मावशी फलाटावर कपडे वाळत घालत होती. टेकडीपलीकडून शिटी आली. बारीक, लांबट, शेवटाला जराशी घसरणारी. मावशीचा हात दोरीवरच थांबला. तोच चढ, तोच दम, तोच उशीर. गाडी तीच होती. फक्त वाट बदलली होती.

"अगं बाई, ही तर आपलीच!" असं म्हणून तिने ओलं कापड तसंच टाकलं आणि दांडा उचलला.

तेव्हापासून हा असा टोल. गाडी थांबत नाही, दिसत नाही, पण येते. खरी येते. मावशी रोज बाकावर टेकडीकडे तोंड करून बसते, शिटी ऐकते आणि मग उठते. शिटी नाही, तर टोल नाही. एकदा खाली दरड कोसळली तेव्हा सगळं गाव संध्याकाळपर्यंत उपाशी होतं आणि तिला शिव्या घालत होतं. तिने ढिम्म दाद दिली नाही.

बाकावरून टेकडी दिसते आणि टेकडीच्या आधी किटली दिसतो. किटली म्हणजे चहावाला. मास्तर असेपर्यंत त्याला परवाना नाही म्हणून कुंपणाच्या बाहेर उभं राहावं लागायचं. गाड्या बंद झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने शेगडी उचलून फलाटावर आणली, घड्याळाच्या त्या डागाखाली, आणि ऐटीत बसला. "आता काढ मला बाहेर," असं रिकाम्या खिडकीला म्हणाला. सांधेवाला त्याला भावासारखा. म्हणून अख्खं गाव मावशी म्हणतं तिला हा एकटा वहिनी म्हणतो. दोघांचं रोज भांडण. ती म्हणते चहात पाणी फार, तो म्हणतो तुझ्या बोलण्यात तिखट फार.

मावशीचा मुलगा शहरात मोटारी दुरुस्त करतो. दोन खोल्या आहेत, बायको चांगली आहे, आईसाठी खिडकीजवळ खाट टाकून ठेवली आहे. दर खेपेला तो तेच म्हणायचा, "आई, चल आता. पडलीस-झडलीस तर इथे कुत्रं विचारणार नाही."

"किटली आहे की."

"तेच म्हणतोय मी."

एकदा तो फारच हट्ट धरून बसला तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, ज्या दिवशी माझ्या हातून खोटा टोल पडेल ना, त्या दिवशी मी स्वतः ट्रंक भरीन. तुला सांगावंही लागणार नाही."

मुलाने ते मनात ठेवलं. मावशीनेही ठेवलं. तिच्या दृष्टीने हा काही चेष्टेतला शब्द नव्हता. टोल खोटा पडला की आपलं इथलं काम संपलं, आणि काम संपलं की या भिंतीत राहायचा हक्कही संपला.

मग तो दिवस आला. किटलीची दाढ दोन दिवस ठणकत होती. तो सकाळीच शेगडी न पेटवता तालुक्याला दाढ उपटायला गेला. मावशी नेहमीसारखी बाकावर बसली. दुपार झाली. ऊन फलाटाच्या कडेपर्यंत आलं, कडेवरून खाली उतरलं. शाळेच्या फाटकाशी पोरं येऊन लोंबकळायला लागली. मावशी टेकडीकडे बघत राहिली. आज काहीतरी चुकल्यासारखं होतं, समोरचं चित्र रिकामं वाटत होतं, पण काय ते तिच्या ध्यानात येईना. वखारीतला एक जण करवत सोडून बाहेर आला आणि पोटावर हात फिरवून दाखवायला लागला. मग तिला वाटलं, वाजली. वाजलीच की शिटी. ती उठली आणि टोल दिला.

पोरं धावली, करवत थांबली, गाव जेवलं.

ताटं घासून व्हायच्या सुमाराला वखारवाला आला, वैतागलेला. "मावशी, आमचे पाहुणे खाली अडकलेत. दुपारची आज रद्दच झाली म्हणे. सकाळपासून चढावर इंजिन बंद पडून उभं आहे. एक गाडी वर आलेली नाही."

तो जवळ उभा राहून, तोंडासमोर बोलत होता, म्हणून तिला सगळं नीट कळलं.

"आलीच नाही?"

"कुठली येतेय! पाहुण्यांचं जेवण वाया." आणि तो गेला. टोल कसा पडला मग, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मावशीने दांडा पुसून खिळ्यावर टांगला. मग शाळेत गेली. मोठ्या बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, मी आज खोटा टोल दिला."

"हो का?" मोठ्या बाईंनी मान वर केली. "बरं झालं दिलात. पोरांनी फाटक मोडलं असतं. बसा ना, पाणी घ्या."

"बाई, गाडी आलीच नव्हती."

"अहो मावशी," मोठ्या बाई जवळ येऊन हसल्या, प्रेमानेच हसल्या, "गाडीचं काय घेऊन बसलात? पोरं जेवली, झालं."

झालं! हाच शब्द तिला लागला. म्हणजे इतकी वर्षं ती कान लावून बसत होती ते कुणाला नकोच होतं. तिने कधीही लोखंडावर लोखंड हाणलं असतं तरी यांचं चाललं असतं. कुणी रागावलं असतं, एखादी शिवी हासडली असती, तर तिला हलकं वाटलं असतं.

घरी येऊन तिने विटांवरची ट्रंक खाली ओढली. कपडे भरले, नवऱ्याचा फोटो भरला. फळीवरची भांडी काढली नाहीत, पण मधल्या चिंध्या काढून घेतल्या. त्या ट्रंकेत घातल्या. मग मुलाला फोन लावला, "ये उद्या मला न्यायला," असं जोरात ओरडली आणि तो काय म्हणतोय ते न ऐकता ठेवून दिला. फोनवर ती हल्ली ऐकायच्या भानगडीत पडतच नव्हती.

संध्याकाळी किटली परत आला. एक गाल फुगलेला, तोंडात कापूस. दारातून ट्रंक दिसली तसा तो आत घुसला.

"हे आय?"

"काय?"

"आय हे? उठे आललीफ?"

"नीट बोल की मेल्या! तोंडात काय कोंबलंयस?"

त्याला बोलता येईना, तिला ऐकू येईना. मग तिनेच ट्रंकेकडे बोट करत सगळं सांगितलं: गाडी आली नाही, टोल पडला, खोटा पडला, उद्या जाते. किटली ऐकत होता. त्याचा चांगला गालही पडला. मग त्याने तिला हाताला धरून फलाटावर आणलं, बाकावर बसवलं आणि स्वतः पलीकडे शेगडीमागे जाऊन बसला. हाताने 'बघ' अशी खूण केली. ओठांचा चंबू करून टेकडीकडे बोट केलं. म्हणजे शिटी. आणि मग उठला, खांद्यावरचं फडकं झटकलं, परत खांद्यावर टाकलं, आळस दिल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि बसला.

मावशी बघत राहिली.

त्याने परत केलं. शिटी. उठणं. फडकं. हात वर.

आणि मावशीला दुपारी काय चुकलं होतं ते कळलं. समोरचं चित्र रिकामं होतं, कारण त्यात किटली नव्हता. रोज शिटी वाजते तेव्हा हा मुडदा उठून आळस देतो. रोज. तिला वाटायचं आपण शिटी ऐकली. शिटी तिच्या कानात कधी यायची थांबली कुणास ठाऊक. ती उठत होती ते याला बघून.

"कधीपासून?" तिने विचारलं.

किटलीने रिकामी किटली उचलली, तिच्या मागे जाऊन जमिनीवर आपटायची नक्कल केली, मग तिची मान न वळल्याची नक्कल केली. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या हातून भरलेली किटली तिच्या पाठीमागे पडली होती. अख्खा फलाट दचकला. ती टेकडीकडे बघत बसलेली. त्या दिवशी त्याला कळलं आणि त्या दिवसापासून, शिटीला उठून हात वर करायचं चुकू नये म्हणून, त्याने दुपारचं एकही गिऱ्हाईक शिटीआधी घेतलं नाही.

मावशी उठली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा मालकाचा टेम्पो मागून घेऊन आला. आई ट्रंकेवर बसलेली, केस विंचरलेले, पायात चपला. किटलीची सूज उतरली होती, आता बोलता येत होतं. त्याने तिच्या तोंडासमोर येऊन सुरू केलं.

"चौकशी झाल्याशिवाय कुणी कुठे जायचं नाही! रेल्वेत चूक झाली की चौकशी होते."

"तुला काय माहीत रेल्वेतलं? कुंपणाबाहेरचा तू," मावशी म्हणाली.

"कुंपणाबाहेरून सगळं दिसतं. बोल, टोल कुणाच्या सांगण्यावरून द्यायचा?"

"मास्तरच्या."

"काल मास्तरने सांगितलं?"

"मास्तर कुठे आहे?"

"तेच विचारतोय मी, वहिनी. मास्तर कुठे आहे?"

मुलगा मध्ये बोलणार होता, पण आईचा चेहरा बघून थांबला. ती उठली होती आणि व्हरांड्यातल्या खिडकीकडे बघत होती. मास्तर तिथून बोट वर करायचा. तिने स्वतः गाडी कधीच ऐकली नव्हती तेव्हा. फोन वाजायचा तो आत, मास्तरच्या कानात. ती फक्त बोट बघायची. त्या म्हातारीच्या दिवशी काय चुकलं होतं? तिने बघितलं स्वतः, ठरवलं स्वतः, वाजवलं स्वतः. आणि स्टेशन बंद झाल्यापासून ती रोज नेमकं तेच करत आली होती.

"सांगणारा वेगळा, वाजवणारा वेगळा," ती स्वतःशीच म्हणाली. मग ट्रंक उघडली. चिंध्या बाजूला सारून खालून एक हिरवा बावटा काढला. नवऱ्याचा. घडीवर रंग उडालेला, दांडी काळी पडलेली.

"घे. आजपासून आळसबिळस द्यायचा नाही. शिटी वाजली की हा वर करायचा. सरळ, खांद्याच्या वर."

किटलीने बावटा घेतला, खांद्यावरच्या फडक्याने त्याची दांडी पुसली. मग म्हणाला, "टोपी?"

"टोपीचं बघू. आधी काम नीट कर."

"आई," मुलगा म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

ओठ बघून तिला कळलं. "दिला होता. टोल खोटा पडला, मी येते. मोडत नाही शब्द. फक्त आजची दुपारची जाऊ दे. जाता जाता खोटा टोल मागे ठेवून कशी येऊ?"

मुलगा टेम्पोला टेकून उभा राहिला. दुपारची नेहमीप्रमाणे लेट. फाटकाशी पोरं जमली. मावशीने यावेळी टेकडीकडे तोंडच केलं नाही. व्हरांड्यात दांडा घेऊन उभी राहिली आणि नजर किटलीवर लावली, जशी कधीकाळी खिडकीवर लावायची. किटलीला घाम फुटलेला.

शिटी आली. बारीक, लांबट. मुलाने ऐकली, लहानपणापासून ऐकलेली. त्याची मान आपोआप आईकडे वळली. तिला ऐकू आलं नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग बावटा वर गेला आणि पुढच्या क्षणाला टोल पडला, असा की टेम्पोच्या काचा वाजल्या. पोरं फाटकातून सुटली.

मुलाने टेम्पोची किल्ली खिशात टाकली. मग आत गेला, ट्रंक उचलून विटांवर होती तिथे परत ठेवली. "दगड भरलेत की काय हिच्यात," असं पुटपुटला. बाहेर येऊन आईच्या तोंडासमोर उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "जेवू. मग कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. उद्या दुपारच्या आधी आणून सोडतो."

"आधी म्हणजे आधी हं," मावशी म्हणाली. आणि आत जाऊन चिंध्या काढून भांड्यांच्या मध्ये घालायला लागली.

बाहेर वखारीतला माणूस फलाटावर चढला. "किटली, एक चहा टाक."

"थांब," किटली म्हणाला. बावटा अजून वरच होता. "शेवटचा डबा जाऊ दे."

"तुला दिसतोय का डबा?"

"नाही."

"मग खाली कर की हात."

"तू वहिनीला विचार आत जाऊन," किटली म्हणाला आणि तसाच उभा राहिला.